विष आणि मेद : चर्मपूरणाच्या इतिहासातील एक उपेक्षित अंग

चर्मपूरणविद्येचा इतिहास बहुधा विषाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अठराव्या शतकात युरोपातील पशुपक्ष्यांचे कितीतरी संग्रह कसर व भुंगेरे यांनी फस्त केले. तेव्हा फ्रान्समधील मेत्स येथील औषधविक्रेता झां-बातिस्त बेकर (१७१८–१७७७) याने सोमल, साबण, पोटॅशियम कार्बोनेट, कापूर व चुना यांचा लेप सिद्ध केला आणि त्याची कृती हयातभर गुप्त राखली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती छापली गेली. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील लुई द्युफ्रेन याने तिचा पुरस्कार केला आणि विसाव्या शतकातही ती प्रचारात राहिली. चार्ल्स वॉटरटन याने १८२५ साली सोमलाऐवजी मद्यार्कात विरघळविलेले मर्क्युरिक क्लोराइड सुचविले. तरी वाद चालला तो कोणते विष बरे, एवढाच.

प्रस्तुत लेखकाच्या मते हे विवेचन अपुरे आहे. सोमलाने कीटकांचा बंदोबस्त होतो. मेद मात्र जागच्या जागी राहतो.

बदक, पेंग्विन, सील, अस्वल इत्यादींच्या त्वचेखाली मेदाचा जाड थर असतो. तो पुरता काढला नाही, तर मीठ व तुरटी कातड्यात भिनत नाहीत. शिवाय हवेतील ऑक्सिजनशी मेदाचा मंद संयोग होऊन अम्ले उत्पन्न होतात व ती त्वचेतील कोलॅजनच्या तंतूंचा नाश करतात. कातडे तपकिरी पडते, शिवणीपाशी तडकते आणि अखेरीस बोटांखाली चुरते. कोणताही कीटकनाशक लेप ही क्रिया थांबवू शकत नाही.

हिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे श्रम. कातडे लाकडी ओंडक्यावर पसरून सुरीने चरबी खरवडावयाची. पिसांच्या मुळांशी दडलेला मेदही सोडावयाचा नाही. मग साबणाच्या पाण्याने धुऊन, टर्पेंटाइन वा पेट्रोल यांसारख्या द्रावकाने उरलेले तेल काढावयाचे आणि लाकडाचा भुसा किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस वापरून ओल शोषून घ्यावयाची. पाणपक्ष्याच्या एका कातड्यासाठी कित्येक तास खर्ची पडतात.

मग इतिहासात या कामाची उपेक्षा का झाली? याची दोन कारणे संभवतात. लेपाला कृती होती, कर्ता होता, गुपिताचे वलय होते. खरवडण्याचे काम हाताचे, म्हणून बहुशः निनावी. दुसरे असे की, कसर एका हंगामात दिसून येते. मेदाचा परिणाम दिसण्यास अनेक दशके लागू शकतात आणि तोवर ते कातडे तयार करणारा हयात नसतो.

हा प्रश्न केवळ श्रेयाचा नाही. १९६६ साली स्वीडनमधील संशोधकांनी संग्रहालयांतील पक्ष्यांच्या पिसांतील पाऱ्याचे मापन केले आणि त्यावरून सुमारे शंभर वर्षांतील प्रदूषणाचा आलेख मांडला. वॉटरटनच्या रीतीने बुडविलेल्या कातड्यावर असे मापन व्यर्थ ठरले असते. याचाच अर्थ, संस्कारपद्धती हाही पुराव्याचाच भाग होय. उष्णतेने मेदाचे विघटन वेगाने होत असल्यामुळे, १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांच्या संग्रहांच्या बाबतीत तर याचे महत्त्व विशेष आहे.

नमुन्याच्या चिठ्ठीवर स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव साधारणतः आढळते. मेद कोणी व कशाने काढला, हेही तेथे नोंदविले गेले पाहिजे. आणि जुन्या नमुन्यांत ही नोंद नसेल, तेथे अभ्यासकाने ती प्रत्यक्ष कातड्यावरूनच वाचावयास शिकले पाहिजे.