वीस दिवसांचा संप

१९७४ सालचा रेल्वे संप फसला, असे वर्गात एका वाक्यात सांगून आम्ही शिक्षक पुढे जातो. हा निवाडा आम्हांस अपुरा वाटतो. संपाच्या मुळाशी वेतनाइतकाच वेळेचा प्रश्न होता. गाडी लांबली की इंजिनावरील माणसाचे कामही लांबत असे. ऑगस्ट १९७३ मधील संपानंतर सरकारने त्याच्यासाठी दहा तासांची मर्यादा मान्य केली. पुढील वर्षी आठ तासांचा दिवस, बोनस आणि सार्वजनिक उद्योगांतील कामगारांच्या बरोबरीचे वेतन, अशा मागण्या पुढे आल्या. वाटाघाटी पुऱ्या होण्यापूर्वीच, २ मे रोजी, नेते जॉर्ज फर्नांडिस यांस लखनौ येथे अटक झाली. ८ मे रोजी संप सुरू झाला. हजारो कामगार तुरुंगात गेले, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, रेल्वेच्या वसाहतींतून कुटुंबे बाहेर काढली गेली. अखेर २७ मे रोजी संप बिनशर्त मागे घेण्यात आला. तथापि १९७९ साली रेल्वे कामगारांस उत्पादकतेशी निगडित बोनस मंजूर झाला. म्हणून विद्यार्थ्यांस २७ मे ही तारीख सांगताना १९७९ हे सालही सांगावे, आणि मधल्या पाच वर्षांत त्याची किंमत कोणत्या घरांनी मोजली, हेही सांगावे, अशी आमची विनंती आहे.