मालवणी घरांतील वळई

नवें घर बांधतांना खोल्यांची मांडणी ठरवावयाची म्हटली कीं, कोच, पलंग आणि कपाट कोठें बसेल, हा प्रश्न हल्लीं प्रथम पुढें येतो. मालवण किनाऱ्यावरील जुन्या घरांत तो बहुधा उद्भवतच नसे. तेथें विचार होई तो पावसाचा, भाताचा आणि गणपतीचा.

या भागांत वर्षास १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोहि बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून छपराला मोठा उतार, वळचण खालपर्यंत उतरलेली आणि भिंती जांभ्या चिऱ्यांच्या किंवा मातीच्या, पण जाड. पुढें खळें, मग ओटी, ओटीच्या आंत वळई. तिच्या बाजूंस देवघर व एकदोन काळोख्या खोल्या. मागें रांधपाची जागा आणि पडवी. कोणी खळ्यांतच थांबावें आणि कोणी ओटीवर चढावें, हें जातीवरून ठरे. जुन्या घरांचें कौतुक करतांना ही गोष्ट झांकून ठेवूं नये. काळोख्या खोलींत भाताच्या कणग्या असत आणि बाळंतिणीची खाटहि तेथेंच पडे. भाताला तो काळोख मानवत असेल. बाळंतिणीला मानवत होता, असें म्हणवत नाहीं.

वळई मात्र मुद्दाम मोकळी ठेवीत. सामान भिंतींतल्या कोनाड्यांत, खुंट्यांवर नाहीं तर माळ्यावर. सारवलेल्या जमिनीवर रात्रीं अंथरुणें पडत, सकाळीं तीं गुंडाळलीं जात. लग्नाची पंगत तेथेंच बसे आणि मृताला शेवटचें तेथेंच ठेवीत. भाद्रपदांत गणपति बसे तो ठरलेल्या भिंतीशीं. त्याच्या मागची भिंत रंगवीत, आणि वर लांकडी माटवी टांगून तिला नारळ, सुपारी, कवंडळें व आंब्याचे टाळे बांधीत. भावांच्या वांटण्या होऊन चुली वेगळ्या झाल्या, तरी पुष्कळ घरांत वळई सामाईक राहिली, ती या गणपतीमुळें.

पहिला मोठा फरक छपरानें केला. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि तीं चपटीं कौलें समुद्रमार्गानें कोंकणांत पोंचलीं. गांवठी नळे दर वर्षीं चाळावे लागत. तो त्रास कमी झाला. पुढें त्यांच्या ओळींत एखादें काचेचें कौल बसूं लागलें आणि वळईंत दिवसा प्रथमच सरळ उजेड पडला.

दुसरा फरक मुंबईनें केला. घरचा पुरुष गिरणींत गेला, बाई मागें राहिली. (२०११ च्या जनगणनेंतहि या जिल्ह्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियाच अधिक आढळल्या.) १९२० नंतरच्या दशकांत बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तींत इतकीं माणसें कशीं राहिलीं, याचें नवल करणाऱ्यांनीं वळई पाहिलेली नसते. अंथरूण गुंडाळून ठेवण्याची संवय गांवाहून आली होती. उलट मुंबईहून गांवीं आले ते लोखंडी पलंग, आरशाचें कपाट आणि खुर्च्या. वळई हळूहळू भरत गेली.

अलीकडच्या स्लॅबच्या घरांत तिच्या जागीं हॉल आला. त्यांत सोफा कायमचा, टीव्ही भिंतीला ठोकलेला; मग चतुर्थीच्या आदल्या दिवशीं तो सोफा दोघा-तिघांनीं उचलून खळ्यांत न्यावयाचा आणि पाऊस आला कीं त्यावर ताडपत्री टाकावयाची! नकाशा मुंबईंत निघतो आणि तो काढणाऱ्याला माटवी ठाऊक नसते, हें याचें मुख्य कारण. जुन्या घरांत तिला वासे-तुळयांचा आधार होता. सपाट स्लॅबला कांहींच नसतो. घर पुरें झाल्यावर छताला भोंकें पाडणें धोक्याचें. आंतली सळई उघडी पडली तर खाऱ्या हवेनें ती गंजते. गवंड्याला वेळींच सांगितलें, तर सळया बांधतांनाच चार कड्या सोडून वर काँक्रीट ओततां येतें. पण त्यासाठीं गणपतीची भिंत कोणती, हें पाया खणण्यापूर्वींच ठरलेलें असावें लागतें, आणि सामाईक घर असेल तर तें सगळ्या भावांनीं एकत्र बसूनच ठरवावें लागतें.