ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना
गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. त्यावर आपलीही पोरं ड्रायव्हर असतात, म्हणून आम्ही हे लिहितोय. सगळा भार शेवटी एका पिनेवर. ती ड्रॉबारच्या भोकात नीट बसेल त्याच जाडीची घ्या. सळईचा तुकडा घालून वेळ मारून नेऊ नका. पिन वरून घालून खालून लॉक पिन लावा, नाहीतर खड्ड्यात उसळून ती निघते. मागच्या ट्रॉलीलाही हेच. हयगय तिथेच जास्त होते.

सोबत साखळी हवीच, वळणावर ताण येणार नाही इतकी ढिली. पिन तुटली तरी ट्रॉली सुटून मागच्या मोटारसायकलवर जात नाही.

ट्रॉली रुतली की काहीजण दोर वर, टॉप लिंकच्या जागी बांधतात. हे अगदी जिवावरचं काम! ओढ मागच्या एक्सलच्या वर गेली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर ड्रायव्हरवरच उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारनेच.

जोडताना ट्रॅक्टर थांबून ब्रेक लागेपर्यंत कुणीही मध्ये शिरू नये. आणि निघण्याआधी मागचा रिफ्लेक्टर वाढ्यांनी झाकलाय का, तेवढं बघा.