सर्पगंधेच्या मुळीचा जमाखर्च



साठी उलटली की आपल्या गप्पांत झोपेचा विषय निघतोच. मग कुणीतरी सांगतं, "सर्पगंधेचं चूर्ण घे, शांत झोप लागते." त्यात तथ्य आहे. पण या मुळीचा इतिहास जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा.

आधी जमेची बाजू. सर्पगंधा हे लहानसं झुडूप, औषध त्याच्या मुळात. बिहारमध्ये तिला 'पागल की दवा' म्हणत. बिथरलेल्या माणसाला शांत करायला ती देत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर ती उपयोगी असल्याचा लेख छापला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकींनी मुळीतली द्रव्यं वेगळी केली. एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून 'अजमलीन' नाव दिलं. १९४९ मध्ये आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचे डोळे उघडले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने त्यातून रिसर्पिन काढलं आणि ते अमेरिकेच्या मनोरुग्णालयांतही पोचलं.

आता खर्च. रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खोल उदासीत गेलेले दिसले. रक्तदाब फार उतरणं, नाक चोंदणं हेही होतंच. पुढे नवी औषधं आली आणि रिसर्पिन मागे पडलं. म्हणून रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा मन खचलेलं असेल, तर हे चूर्ण शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

दुसरा खर्च जंगलाने सोसला. पान खुडलं तर झाड पुन्हा फुटतं, पण मुळीसाठी अख्खं झुडूप उपटावं लागतं. मागणी वाढली तशी रानातली सर्पगंधा विरळ होत गेली. शेवटी १९९० साली तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं नियंत्रण आलं.

कंदमूळ का वर्ज्य, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. मूळ काढलं की झाडाचा जीव जातो आणि मातीतले असंख्य जीवही. आजाऱ्याने गरजेपुरतं घेतलेलं औषध वेगळं. औषधदानाला आपल्याकडे मोठं स्थान आहे. पण चार दानांच्या त्याच यादीत अभयदानही आहे. तेव्हा वैद्यांनी सर्पगंधा लिहून दिलीच, तर दुकानात एवढं जरूर विचारा: ही मुळी शेतात लावलेली, की रानातून उपटलेली?