ऑडिट लॉगचे अभिलेखन आणि निंदणी

व्यापारी अथवा औद्योगिक आस्थापनेच्या संगणकप्रणालीत कोणी, केव्हा, कोणत्या नोंदीत कोणता फेरबदल केला याची आपोआप लिहिली जाणारी जी नोंदवही, तिला ऑडिट लॉग म्हणतात. तिचा जुना भाग चालू दप्तरातून काढून सुरक्षित व कमी खर्चाच्या साठवणीत नेणे हे अभिलेखन, आणि विहित मुदत संपल्यावर तो कायमचा नष्ट करणे ही निंदणी. निंदणी हा शब्द शेतातून कचेरीत आला. पिकातील तण काढणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि महाराष्ट्रातील सरकारी कार्यालयांत मुदतबाह्य कागद निवडून नष्ट करण्याच्या कामास आजही निंदणीकरण असेच म्हणतात. संगणकाच्या परिभाषेत रूढ झालेल्या ‘पर्ज’ या शब्दाहून तो अधिक समर्पक वाटतो, कारण पीक कोणते आणि तण कोणते हे ओळखल्यावाचून निंदणी करताच येत नाही.

कीर्द-खतावणीत व्यवहार एकदा चढतो. लॉगमध्ये मात्र त्याच्यावर पुढे फिरलेला प्रत्येक हात उमटतो, आणि म्हणून लॉगची वाढ मूळ व्यवहारांहून कितीतरी वेगाने होते. सॅप या प्रणालीत फेरबदलाचा मथळा सीडीएचडीआर या तक्त्यात, तर बदललेल्या प्रत्येक रकान्याचे जुने व नवे मूल्य सीडीपीओएस या तक्त्यात उतरते. एका ऑर्डरीतले 10 रकाने एकाच वेळी दुरुस्त झाले, तर 1 मथळा आणि 10 ओळी जन्मास येतात. ऑरॅकल या डेटाबेसच्या जुन्या पद्धतीत ही नोंदवही प्रणालीच्या मूळ टेबलस्पेसमध्येच असे, आणि ती जागा भरून लॉगची ओळ लिहिता येईनाशी झाली की जिच्यावर लक्ष ठेवावयाचे ती क्रियाही अडून राही. दप्तर तुंबल्याने कारभार थांबावा, अशीच ही अवस्था होय.

नोंदी किती काळ राखाव्यात, हा प्रश्न प्रथम कायद्याचा आहे आणि नंतर यंत्राचा. भारतातील कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून असेच लेखा-सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे की ज्यात प्रत्येक फेरबदलाची तारखेसह नोंद होईल आणि ती नोंदप्रक्रिया कोणालाही बंद करता येणार नाही; कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 128 अन्वये हिशेबवह्या मागील 8 आर्थिक वर्षांच्या जपाव्या लागतात, आणि फेरबदलांची ही नोंद (ऑडिट ट्रेल) विहित मुदतीपर्यंत जतन झाली आहे किंवा कसे, यावर लेखापरीक्षकाला अहवालात अभिप्राय द्यावा लागतो. वस्तू व सेवा कर कायद्याने घातलेली मुदत वार्षिक विवरणपत्राच्या नियत दिनांकापासून 72 महिन्यांची आहे. तर सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निदेशांनुसार संगणकप्रणालींचे लॉग 180 दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात राखावे लागतात. एकाच ओळीस अनेक कायदे लागू असतील, तेव्हा सर्वांत दीर्घ मुदत प्रमाण मानावी. मात्र भयापोटी सर्व काही अनंतकाळ साठविणे हेही सुरक्षित नव्हे, कारण लॉगमध्ये माणसांची नावे, पत्ते आणि वेतने असतात, आणि युरोपीय संघाचा 2018 पासून लागू असलेला विदासंरक्षण-नियम व्यक्तिगत माहिती प्रयोजन संपल्यावर ठेवू देत नाही.

अभिलेखनाचा क्रम एकच आहे आणि तो मोडू नये : आधी प्रत, मग पडताळा, आणि त्यानंतरच मूळ ओळींचे विसर्जन. सॅपमध्ये एक प्रोग्राम अभिलेखाची फाइल लिहितो आणि दुसरा, ती फाइल पुन्हा वाचून जेवढे वाचता आले तेवढेच, मूळ तक्त्यातून काढतो. या दोन पावलांतील अंतर हेच या पद्धतीचे खरे शहाणपण होय. ओळींची संख्या जुळणे पुरेसे नाही. प्रत्येक फाइलीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा आकडी ठसा, काढून तो स्वतंत्र ठिकाणी नोंदवावा, म्हणजे पुढे कोणी एक अक्षर बदलले तरी ते उघडकीस येते. लॉग हॅशच्या साखळीने बांधलेला असेल, तर काढलेल्या भागाची शेवटची कडी चालू वहीच्या आरंभी राखून ठेवावी लागते, नाहीतर उरलेल्या साखळीला आधारच राहत नाही. विसर्जनही ओळीमागून ओळ केले, तर डेटाबेसवर विलक्षण ताण पडतो. तक्ता आरंभापासून महिनेवार विभागलेला असल्यास, गठ्ठ्यातून एकेक कागद उपसण्याऐवजी अख्खा गठ्ठाच उचलावा तसा एक विभाग क्षणात बाजूला करता येतो.

ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ती म्हणजे वाचनक्षमता. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल शाबूत आहेत, परंतु मोडी वाचणारा भेटेपर्यंत ते मुकेच राहतात. अभिलेखातील ‘स्थिती 3’ या आकड्याचा अर्थ सांगणारी यादी, नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या सांकेतिक क्रमांकाशी त्याचे नाव जोडणारे कोष्टक आणि रकान्यांचे वर्णन फाइलीसोबत ठेवले नाही, तर 8 वर्षांनी तीच गत होते. म्हणून वर्षातून एकदा तरी एखादी जुनी फाइल उघडून, तीतील एखादा व्यवहार अथपासून इतिपर्यंत वाचून पाहावा.

निंदणीस मनाई करण्याचा अधिकारही पद्धतीत हवा. एन्रॉन या कंपनीच्या प्रकरणात चौकशीची चाहूल लागलेली असताना आर्थर अँडरसन या लेखापरीक्षण-संस्थेच्या ह्यूस्टन येथील कचेरीत 2001 च्या शरदात कागदपत्रे नष्ट झाली, आणि ती कागद राखण्याच्या व नष्ट करण्याच्या संस्थेच्याच धोरणाचा हवाला देऊन झाली. 2002 मध्ये ज्यूरीने संस्थेस दोषी ठरविले, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ज्यूरीस दिलेल्या सूचना सदोष ठरवून तो निकाल रद्द केला, तोवर संस्था विस्कटून गेली होती. त्याच 2002 साली झालेल्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्याने तपासात अडथळा आणण्याच्या हेतूने अभिलेख नष्ट करणाऱ्यास 20 वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. यावरून धोरण लिहिलेले असणे आणि ते योग्य वेळी थांबविता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात यावे. तंटा, तपास अथवा कराची चौकशी सुरू होताच संबंधित नोंदींवर मनाईचा शेरा पडला पाहिजे, आणि तो काढण्याचा हुकूम संगणक-विभागाने नव्हे तर विधिविभागाने दिला पाहिजे.

ज्याच्या कृती लॉगमध्ये उतरतात त्याच्याच हाती निंदणीची किल्ली असू नये. व्यवस्थापकाचे सर्वाधिकार असलेल्या एकाच खात्याने व्यवहार बदलावेत, लॉग पाहावा आणि तोच पुसावा, अशी रचना असेल तर तो लॉग पुरावा म्हणून निरुपयोगी होय. निंदणीचा प्रस्ताव एकाने द्यावा, मंजुरी दुसऱ्याने द्यावी, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या किती ओळी, कोणत्या नियमाखाली, कोणाच्या हुकुमाने नष्ट झाल्या याची एक ओळ लॉगमध्येच लिहिली जावी. ही ओळ निंदणीस पात्र नसते.