समतुल्य निधी : लोकवर्गणीला देणगीची जोड

संस्थेने लोकांकडून जेवढी रक्कम जमवली तेवढीच, अथवा तिच्या ठरावीक प्रमाणात, दुसऱ्या देणगीदाराने भर घालावी, या व्यवस्थेस समतुल्य निधी म्हणतात. 'मॅचिंग ग्रँट' या नावानेही ती परिचित आहे. आपल्या देणगीचे मोल वाढते या जाणिवेने दाते पुढे येतात. सरकारलाही संस्थेमागील लोकाधार कळतो.

परदेशातील विकासकामांसाठी पाश्चात्त्य देशांनी ही पद्धत रूढ केली. युरोपीय समुदायाने 1976 मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या प्रकल्पांना सहनिधी देण्यास प्रारंभ केला. ब्रिटनने 2013 मध्ये सुरू केलेल्या 'यूके एड मॅच' योजनेत जनतेच्या प्रत्येक पौंडामागे सरकारने एक पौंड देण्याचे तत्त्व होते. 

महाराष्ट्रात या तत्त्वाचे रूप निराळे दिसते. फादर हर्मन बाकर यांच्या प्रयत्नांतून आकारास आलेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात जर्मनीचा निधी 'नाबार्ड'मार्फत आला. गावाने आपला वाटा श्रमदानाने उचलला आणि चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली. पुढे 1999-2000 मध्ये केंद्र सरकार आणि 'नाबार्ड' यांनी प्रत्येकी 100 कोटी रुपये घालून पाणलोट विकास निधी स्थापन केला.

जागतिक बँकेच्या साहाय्याने 2003 मध्ये सुरू झालेल्या 'जलस्वराज्य' प्रकल्पात भांडवली खर्चाच्या 10 टक्के लोकवर्गणी अपेक्षित होती. आदिवासी गावांसाठी 5 टक्के. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या, पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या परिसरात या अटीचा अर्थ स्पष्ट होतो. दहा लाखांच्या नळयोजनेसाठी गावाने आधी एक लाख रुपये उभे करायचे. सुगी साधली तर ते जमतात. दुष्काळी वर्षी, म्हणजे पाण्याची निकड सर्वाधिक असताना, वर्गणी अडते.

हीच या पद्धतीची मर्यादा होय. ज्याच्याकडे काही आहे त्यालाच जोड मिळते. श्रमदानातही भूमिहीन मजूर बुडीत मजुरीच्या रूपाने वाटा देतो, तर वाढलेले पाणी प्रामुख्याने जमीनधारकाच्या विहिरीत उतरते.

विदेशी अंशदान कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेकडून दुसरीकडे वर्ग करण्यास मनाई केली. परिणामी मोठ्या संस्थेमार्फत असा निधी मिळण्याचा खेड्यातील छोट्या संस्थांचा मार्ग बंद झाला. त्यामुळे अट ठरवताना गावाची ऐपत पाहणे, वर्गणी हप्त्याने घेणे आणि भूमिहीनांना सूट देणे महत्त्वाचे ठरते. अन्यथा मदत गरजूंना वगळूनच पुढे जाते.