‘फडणीस’ : एका हिशेबी पदनामाचा अर्थ आणि उगम

प्रस्तावना :
मराठी समाजात ‘फडणीस’ हे आज प्रामुख्याने आडनाव म्हणून परिचित आहे. तथापि मूलतः ते हिशेब लिहिणाऱ्या व तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम होते. पदनामांचा इतिहास हा केवळ भाषाशास्त्राचा विषय नसून तत्कालीन राज्यव्यवस्थेचा आरसाही असतो. या दृष्टीने प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती व अर्थविस्तार यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

व्युत्पत्तीचा प्रश्न :
या शब्दाचे ‘फडणवीस’ हे रूप अधिक जुन्या वळणाचे आहे. त्यातील ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. हा अंश फारसीतील ‘नविश्तन’ (लिहिणे) या क्रियापदापासून आला आहे. चिटणीस, वाकनीस, पारसनीस या पदनामांतही तोच अंश ‘नीस’ रूपाने दिसतो. मतभेद आहे तो पूर्वपदाविषयी. एका मतानुसार ते मूळ अरबी ‘फर्द’ म्हणजे सुटा कागद किंवा यादी होय. म्हणून फर्दनवीस म्हणजे याद्या व हिशेबाचे कागद लिहिणारा. दुसरे मत त्याचा संबंध ‘फड’ म्हणजे कचेरी या शब्दाशी जोडते.

केवळ शब्दरूपावरून हा वाद मिटत नाही. चिटणीस व वाकनीस यांत पूर्वपद लेखनाचा विषय सांगते. चिठ्ठी लिहितो तो चिटणीस, घडलेला वाका लिहितो तो वाकनीस. ‘फर्द’ या साच्यात चपखल बसते. उलट कारखानीस व पोतनीस यांत पूर्वपद खात्याचा निर्देश करते आणि ‘फड’ त्या साच्यात बसतो. पेशवाईतील हुजूर दफ्तराच्या ‘चालते दफ्तर’ या विभागात ‘फड’ नावाची स्वतंत्र शाखा होती व ती फडणीसाच्या अखत्यारीत असे. त्यामुळे मूळ शब्द फर्दनवीस असला, तरी पुढे ‘फड’ या परिचित शब्दाच्या सान्निध्याने त्याचे मराठी रूप दृढ झाले असावे, असे अनुमान सयुक्तिक वाटते.

अर्थविस्तार :
शब्दाचा अर्थ ‘लिहिणारा’ असला तरी पदाचा अधिकार लेखनापुरता मर्यादित नव्हता. प्रांतोप्रांती दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार व पोतनीस असे आठ दरकदार असत. मामलेदाराला त्यांना परस्पर दूर करता येत नसे. म्हणजेच खर्च करणारा आणि त्या खर्चाची नोंद ठेवणारा हे दोन हात परस्परांपासून वेगळे राखले गेले होते. आधुनिक लेखापरीक्षणाचे मूलतत्त्व याहून निराळे नाही.

पेशव्यांच्या दरबारी ही फडणिशी भानू घराण्याकडे आली. बाळाजी जनार्दन भानू (१७४२-१८००) यांना वडिलांच्या मृत्यूनंतर १७५६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, हे पद मिळाले. पुढे ते नाना फडणवीस या नावानेच इतिहासात ओळखले गेले. राज्याची जमा आणि खर्च ज्याच्या नजरेखाली, त्याच्या हाती राजकारणाची सूत्रे जाणे स्वाभाविक होते. मात्र पद वंशपरंपरागत झाल्याने त्यावरील अंकुश सैल झाला, ही या व्यवस्थेची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही.

पदनामाचा अस्त :
१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली आणि पदामागची सत्ता गेली. नाव तेवढे घराण्यांकडे उरले. आजच्या मराठीत ‘लेखापाल’ हा संस्कृतनिष्ठ शब्द रूढ आहे. तरीही १९४९ च्या कायद्याने मान्यता पावलेल्या व्यावसायिकास मराठीत ‘सनदी लेखापाल’ म्हटले जाते आणि त्यातील ‘सनद’ अरबी-फारसी परंपरेतीलच आहे. हिशेब, जमा, खर्च, बाकी, कीर्द हे शब्दही त्याच वाटेने मराठीत स्थिरावले.

समारोप :
‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, तर ‘पाल’ म्हणजे राखणारा. फडणीस या पदाच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. नोंद प्रामाणिकपणे लिहिणे आणि लिहिलेल्या नोंदीचे सत्तेपासूनही रक्षण करणे, हेच या व्यवसायाचे मर्म होय. शब्द परका की स्वकीय, या वादापेक्षा त्यामागील हे उत्तरदायित्व अधिक महत्त्वाचे ठरते.